जिभेला चिकटलं तर

जयवंती पागी रात्रभर कासवांची अंडी राखते
गालजीबागेच्या सुरूंखाली, वनखात्याच्या रोजंदारीवर,
आणि सकाळी आठला दवाखान्याच्या पायरीवर
डालड्याचा जुना डबा ठेवते.
"दोतोर, हें कोणाचें?"

मी जनावरांचा डॉक्टर.
माझी हाडं ओली असतात,
त्यांना मालक असतो,
कधीकधी नावही. मोगरी, कपिली.
ही कोरडी, काळसर,
कुठल्याच गोठ्यातली नव्हेत.
तरी टेबल पुसतो,
जंताच्या औषधाच्या बाटल्या सरकवतो
आणि मांडतो. सात तुकडे.

पहिला लाल, नुसते खड्डे.
जांभा. अख्खा तालुका याच्यावर उभा आहे.
दुसऱ्यावर माडाच्या सिरक्याचा थेंब टाकला,
फसफसला. कालवाचं जाड शिंपलं.
तिसऱ्याची कड बघ म्हटलं, किती सरळ.
समुद्र इतकी सरळ रेघ मारत नाही.
करवत आहे ही. कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणातला बैल.
ती हसली.
रात्रीची विजेरी अजून हातात होती, चालूच,
तिच्या लक्षात नव्हतं.

चौथ्याला इंजेक्शनची सुई तापवून टोचली.
जळक्या केसांचा वास आला.
म्हणजे आपल्यातलंच हाड,
आज्याच्या वेळचं असेल फार तर.

पाचवा हाताला जड लागला,
आकाराला न शोभेल इतका.
भिंगाखाली बारीक घरं,
मध काढून नेलेल्या पोळ्यासारखी.
आता एकच परीक्षा उरली. पुस्तकात दिली आहे,
पण लोकांदेखत करायला लाज वाटते:
जीभ लावायची.
दगड सुटून येतो.
दगड झालेलं हाड धरून ठेवतं.

भिंतीकडे वळून लावली.
मीठ. मग माती. मग काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीनं
माझी जीभ धरली.

किती वर्षांचं, तिनं विचारलं,
आणि मासा मोजावा तसे दोन हात फाकवले.
त्याहून जास्त.
"म्हणजे आमच्या देवाच्या आधीं?"
देवळाच्या तरी आधी, मी म्हणालो.
देवाचं मला सांगता येणार नाही.

सहावा मी टाकूनच देत होतो.
वळलेला, गुळगुळीत, मोठ्या कवडीसारखा,
शिंपल्यांच्या ढिगात निघालेला.
हातून निसटला आणि टेबलावर
चिनी मातीच्या बशीसारखा वाजला.
तेव्हा दुसऱ्या वर्षाचा एक धडा आठवला,
परीक्षेला कधीच न आलेला:
देवमासा मेला की कवटी फुटते,
फासळ्या वाळूत विखुरतात.
कान उरतो.
हे कानातलं हाड आहे, मी म्हणालो.

तिनं ते उचललं
आणि मुलं शंख लावतात तसं
आपल्या कानाला लावलं.
उलटं होतंय, मी सांगणार होतो,
हा ऐकायचा अवयव, बोलायचा नव्हे.
बाहेर कुणाची तरी पाडी हंबरली.
ती तशीच उभी.
"कितें आयकूंक येता?"
"कांय ना," ती म्हणाली.
"तोच आयकता."

सातवा नखाएवढा.
जिभेला चिकटला, बाकी काही बोलला नाही.
रजिस्टर उघडलं, रकाने छापील:
जनावर. तक्रार. उपचार. आणणाऱ्याचे नाव.
जनावर: माहीत नाही.
तक्रार: नाही.
उपचार खोडला.
शेवटच्या रकान्यात तिनं स्वतः सही केली,
हळूहळू, मान तिरकी करून.

आज पंचेचाळिसावी रात्र, जाताना म्हणाली,
पुळणीवरचं पयलें घरटें फुटपाचें.
बैलाचं हाड तिनं दारातल्या कुत्र्याला टाकलं.
त्यानं हुंगलं,
आमच्याकडे पाहिलं,
पुन्हा हुंगलं.